छापून करायचा कागदी वासुदेव: खेळण्याची रचना, चाचणी आणि मित्रांना पाठवणी

छापील कागदी खेळण्याची रचना करणारा माणूस ते खेळणे स्वतः पूर्ण करत नाही. तो एक सपाट पान तयार करतो. ते पान मित्राच्या घरी जाते, तिथे कोणीतरी ते छापून आणतो, कापतो, दुमडतो, चिकटवतो, आणि मग त्या पानातून बाहुली उभी राहते. त्या वेळी आपण शेजारी बसलेलो नसतो. कोणती कड कुठे जाते, कोणती पट्टी आत दुमडायची, टोपी आधी बसवायची की डोके आधी बंद करायचे, हे सारे त्या पानानेच सांगायचे असते. या लेखात अशा एका बाहुलीची रचना पहिल्या रेघेपासून मित्राला फाइल पाठवण्यापर्यंत क्रमाने मांडली आहे, आणि प्रत्येक पायरीवर शेवटी कात्री हातात धरणाऱ्या त्या माणसाचा विचार केला आहे.

पात्र निवडताना

उदाहरणासाठी मी वासुदेव घेतला आहे. पहाटे दारोदार गात फिरणारा वासुदेव दुरून ओळखू येतो तो त्याच्या मोरपिसांच्या निमुळत्या टोपीमुळे. घोळदार पांढरा अंगरखा, कमरेचा शेला, त्यात खोचलेला पावा, हातातले टाळ-चिपळ्या या खुणा त्यानंतर दिसतात. कागदी खेळण्यासाठी पात्र निवडताना हीच कसोटी लावावी: चेहऱ्याचे बारकावे पुसून टाकले आणि केवळ बाह्याकार उरला, तरी ते पात्र ओळखता येते का? ज्याची ओळख नाकाच्या ठेवणीत किंवा डोळ्यांच्या छटेत आहे, ते पात्र कागदाच्या सरळ पृष्ठांवर हरवते. ज्याची ओळख टोपीत, पगडीत, पाठीवरच्या ओझ्यात किंवा हातातल्या वस्तूत आहे, ते पात्र टिकते. वारकरी, पोतराज, कोळीण, दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा, ही सारी पात्रे या कसोटीला उतरतात.

पात्र स्वतः कल्पिलेले किंवा लोकपरंपरेतले असावे, असे मी आग्रहाने सुचवेन. दूरचित्रवाणीवरच्या लोकप्रिय कार्टून पात्रांवर त्यांच्या निर्मात्यांचा हक्क असतो, आणि तशा पात्राची फाइल एकाकडून दुसऱ्याकडे फिरू लागली की ती कुठवर जाईल यावर आपला ताबा राहत नाही. वासुदेव मात्र सगळ्यांचा आहे.

पात्र ठरले की त्याचे भौमितिक तुकडे करावेत. कागद एका दिशेने वळतो किंवा दुमडतो. तो रबरासारखा दोन्ही दिशांनी ताणला जात नाही, त्यामुळे चेंडूसारखा गोल आकार अखंड कागदातून घडत नाही. घन, इष्टिकाचिती, दंडगोल आणि शंकू हे आकार मात्र कागदाला सहज जमतात. म्हणून आपल्या वासुदेवाचे डोके घन आहे, धड इष्टिकाचिती आहे, टोपी शंकू आहे आणि हात सपाट आहेत. खरा अंगरखा खाली पसरलेला असतो, तरी पहिल्या रचनेत धड सरळच ठेवावे. उतरत्या बाजूंचे धड दुसऱ्या आवृत्तीत करता येते, आणि तोवर हातालाही सवय झालेली असते.

कागद, कात्री, डिंक

झेरॉक्सच्या दुकानात नेहमी वापरला जाणारा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, म्हणजे त्याच्या एका चौरस मीटरचे वजन ७० ते ८० ग्रॅम भरते. या कागदाचे डोके बोटाच्या हलक्या दाबानेही आत बसते. २५० जीएसएमच्या पुढचा जाड कागद घडीवर फाटू लागतो आणि घरगुती प्रिंटरमध्ये अडकतो. या आकाराच्या बाहुलीसाठी १६० ते १८० जीएसएमची कार्डशीट मला सर्वांत योग्य वाटते. तिचा पृष्ठभाग फार चकचकीत नसावा, कारण चकचकीत थरावर डिंक धरत नाही.

कागदाला तंतूंची दिशा असते. कोरे पान दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहिले, तर एका दिशेला ते सहज वळते आणि दुसऱ्या दिशेला किंचित विरोध करते. पेटीसारख्या तुकड्यांच्या घड्या दोन्ही दिशांना असतात, त्यामुळे तिथे याने फारसे बिघडत नाही. शंकूच्या टोपीला मात्र हा विरोध जाणवतो.

बाकी साहित्य थोडके आहे: टोकदार कात्री, स्टीलची पट्टी, शाई संपलेले बॉलपेन, पांढरा डिंक आणि तो लावायला दात-कोरणी. संपलेले बॉलपेन या कामातले सर्वांत मोलाचे हत्यार आहे. पट्टीच्या आधाराने ते घडीरेषेवरून दाबून फिरवले की कागदात खाच पडते आणि घडी नेमकी त्याच रेषेवर येते. खाच न पाडता दुमडलेला जाड कागद आपल्या मनाने, एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे मोडतो आणि मग शेवटची बाजू बंदच होत नाही. डिंक बाटलीतून थेट ओतू नये. दात-कोरणीने त्याचा पातळ थर पसरावा. जास्त डिंकातल्या पाण्याने कागद फुगतो आणि वाळल्यावर पृष्ठावर लाटा राहतात.

मापे

रेखाटन संगणकावर करायचे असेल तर इंकस्केप हे मोफत मिळणारे व्हेक्टर पद्धतीचे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात नवे पान उघडल्याबरोबर एकक मिलिमीटर करून घ्यावे आणि बिंदू एकमेकांना नेमके चिकटण्याची, म्हणजे स्नॅपिंगची, सोय चालू करावी. संगणक नको असेल तर मिलिमीटरच्या आलेख कागदावर घडण, म्हणजे तुकड्याची उलगडलेली सपाट आकृती, आखावी, ती पांढऱ्या कागदावर गिरवून घ्यावी, रंगवावी आणि ३०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन करावी. ए-फोर पानाचे स्कॅन तेव्हा २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचे होते आणि छपाईला ते चांगले पुरते.

आपल्या वासुदेवाचे डोके ४० मिमी बाजूचा घन आहे. धड ३० मिमी रुंद, २४ मिमी खोल आणि ४५ मिमी उंच आहे. टोपीची उंची सुमारे ५४ मिमी भरते. म्हणजे पूर्ण बाहुली साधारण १४० मिमी उंच होते. डोके धडापेक्षा मोठे ठेवण्यामागे दोन कारणे आहेत. चेहरा रंगवायला जागा मिळते, आणि मोठ्या डोक्याची, छोट्या अंगाची आकृती लहान मुलासारखी गोड दिसते.

डोक्याची घडण

शाळेच्या गणितात त्रिमितीय वस्तू उलगडून सपाट केल्यावर मिळणाऱ्या आकृतीला घडण म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ मध्ये छापलेल्या भूमितीच्या ग्रंथात घनाकृतींच्या अशा उलगडलेल्या आकृत्या काढल्या होत्या. घनाच्या वेगवेगळ्या घडणी एकूण ११ आहेत. खेळण्यासाठी त्यांतली क्रुसासारखी घडण घ्यावी, कारण तिच्यात चेहरा मध्यभागी येतो आणि जुळवणाऱ्याला पान पाहताक्षणी डोके कुठे आहे ते समजते.

४० मिमीचे चार चौरस एका ओळीत काढावेत. डावीकडून पहिला चौरस वासुदेवाचा उजवा गाल, दुसरा चेहरा, तिसरा डावा गाल आणि चौथा डोक्याची मागची बाजू. चेहऱ्याच्या वरच्या कडेला माथ्याचा चौरस आणि खालच्या कडेला हनुवटीखालचा चौरस जोडावा. या क्रमामुळे ओळीच्या दोन टोकांची जोडणी मागच्या कोपऱ्यावर येते आणि समोरून दिसत नाही. पुष्कळ नवशिके चेहरा ओळीच्या टोकाला काढतात, आणि मग वासुदेवाच्या गालाशेजारीच चिकटवलेली उभी फट कायमची दिसत राहते.

आता जोडपट्ट्या, म्हणजे कडेला ठेवलेल्या, आत दुमडून डिंक लावायच्या अरुंद पट्ट्या. घनाला १२ कडा असतात. घडणीत त्यांतल्या ५ कडा घडीच्या रूपाने शाबूत राहतात आणि ७ कडा उघडलेल्या असतात. उघडलेली प्रत्येक कड पुन्हा जोडायची, म्हणून जोडपट्ट्या ७ लागतात. एकही कमी नको आणि एकही जास्त नको. मागच्या चौरसाच्या मोकळ्या कडेला एक, माथ्याच्या तीन मोकळ्या कडांना तीन आणि हनुवटीखालच्या चौरसाला तीन, अशी ती बेरीज होते. रेखाटन झाले की पट्ट्या मोजण्याची सवय लावून घ्यावी. ८ निघाल्या तर कुठेतरी एकाच कडेला दोन्ही बाजूंनी पट्टी आली आहे. ६ निघाल्या तर एक कोपरा उघडा राहणार आहे. इष्टिकाचितीलाही हाच हिशेब लागू पडतो, त्यामुळे धडाच्या पट्ट्याही ७ असतात.

पट्टी ७ मिमी रुंद असावी. ४ मिमीची पट्टी मोठ्यांच्या बोटांत धरता येत नाही आणि १२ मिमीची पट्टी आतल्या कोपऱ्यात दुसरीवर चढते. पट्टीची दोन्ही टोके ४५ अंशांत तिरपी कापलेली असावीत, म्हणजे एका कोपऱ्यात भेटणाऱ्या दोन पट्ट्या परस्परांना अडवत नाहीत.

घडीरेषा दाखवण्याची माझी पद्धत थोडी वेगळी आहे. तुटक रेषा चेहऱ्याच्या कडेवरून काढली तर ती बाहुली पूर्ण झाल्यावरही दिसत राहते आणि चेहरा शिवल्यासारखा वाटतो. म्हणून रंगीत पृष्ठांच्या मधली घडीरेषा मी काढतच नाही. तिच्या दोन्ही टोकांना, पृष्ठाबाहेर, ३ मिमीच्या बारीक खुणा देतो. जुळवणारा त्या दोन खुणांवर स्टीलची पट्टी ठेवून खाच पाडतो, आणि खुणा नंतर कापल्या जातात किंवा जोडपट्टीबरोबर आत लपतात.

टोपीचा शंकू

टोपीची घडण म्हणजे वर्तुळाचा एक तुकडा, भूमितीच्या भाषेत वर्तुळपाकळी. ती किती अंशांची घ्यायची याचे सूत्र सोपे आहे: शंकूच्या पायाची त्रिज्या भागिले तिरकी उंची, गुणिले ३६०. तिरकी उंची पायाच्या त्रिज्येच्या तिप्पट ठेवली की उत्तर नेमके १२० अंश येते, म्हणजे वर्तुळाचा बरोबर तिसरा भाग. नव्याने शिकणाऱ्याने हेच प्रमाण धरावे, कारण १२० अंशांचा कोन कंपासनेही अचूक काढता येतो आणि त्यातून होणारा शंकू वासुदेवाच्या टोपीला शोभेल इतका निमुळता असतो.

माझ्या पहिल्या नमुन्यात मी पायाची त्रिज्या २० मिमी घेतली होती, म्हणजे टोपीचा घेर ४० मिमीच्या माथ्याच्या चारही कडांना स्पर्श करत होता. कागदावर ते सुंदर दिसत होते. प्रत्यक्षात टोपी अर्धा मिलिमीटर सरकली तरी एका बाजूने कडेबाहेर लोंबायची. त्यानंतर मी त्रिज्या १९ आणि तिरकी उंची ५७ मिमी केली. आता चारही बाजूंना एक मिलिमीटरचा अवकाश राहतो आणि जुळवणाऱ्याची छोटी चूक त्यात सामावून जाते. दोन तुकडे जिथे एकमेकांवर बसतात, तिथे असा अवकाश नेहमी सोडावा.

वर्तुळपाकळीच्या एका सरळ कडेला ६ मिमीची जोडपट्टी द्यावी. कमानीच्या बाजूला ५ मिमी लांबीचे दाते काढावेत. कमानीची लांबी सुमारे ११९ मिमी आहे, त्यामुळे १४ दाते केले तर प्रत्येक दाता साधारण साडेआठ मिलिमीटरचा होतो. हे दाते आत दुमडून माथ्यावर चिकटवायचे असतात. दाते रुंद ठेवले तर गोल घेराला कोपरे पडतात आणि फार बारीक ठेवले तर कापणारा कंटाळतो.

मोरपिसांसाठी पाकळीचे २० अंशांचे सहा समान भाग करावेत, एका भागात पिसाचे दोन डोळे रंगवावेत, खालचा मोठा आणि वरचा लहान, आणि तो भाग शेंड्याच्या बिंदूभोवती २०-२० अंशांनी फिरवून पाच वेळा उमटवावा. पिसांचे देठ शेंड्याकडे धावले पाहिजेत. ते एकमेकांना समांतर काढले तर शंकू झाल्यावर तिरके पडतात, आणि टोपी पिळवटल्यासारखी दिसते.

धड आणि हात

धडाच्या घडणीत ओळीची रुंदी ३०, २४, ३०, २४ अशी येते. वर आणि खाली ३० गुणिले २४ चे आयत समोरच्या पृष्ठाला जोडावेत. अंगरख्याच्या चुण्या चारही पृष्ठांवर सलग जायला हव्यात. शेल्याची वरची आणि खालची रेघ एका कडेवरून दुसरीवर जाताना एकाच उंचीवर आहे ना, हे मोजून घ्यावे, विशेषतः ओळीच्या दोन टोकांना, कारण संगणकाच्या पडद्यावर ती टोके एकमेकांपासून लांब असतात आणि जुळवल्यावर शेजारी येतात. पावा समोर, शेल्यात तिरका खोचलेला दाखवावा.

हातासाठी २४ गुणिले ३५ मिमीचा आयत घ्यावा, तो मधोमध उभा दुमडून पाठीला पाठ चिकटवावा, म्हणजे १२ मिमी रुंदीचा दुपदरी, ताठ हात मिळतो. हाताची पुढची आणि मागची बाजू घडीरेषेच्या दोन्हीकडे आरशातल्या प्रतिमेसारखी यायला हवी. एका हातात टाळ आणि दुसऱ्या हातात चिपळ्या हाताच्याच चित्रात काढाव्यात. त्यांचे वेगळे सुटे तुकडे फार लहान होतात आणि पहिल्याच दिवशी हरवतात. हाताचा वरचा १० मिमी भाग धडाच्या बाजूवर चिकटतो, म्हणून तेवढ्या जागेची खूण धडावर असावी.

चेहरा आणि रंग

डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या किंचित खाली काढावेत. कपाळ मोठे राहिले की त्यावर गंध ठसठशीत दिसते. मिशी, गंध आणि डोळे एवढ्यावर वासुदेव पुरा होतो. माथ्याच्या चौरसाची जी कड चेहऱ्याला लागून आहे ती कपाळाची बाजू, हे रंगवताना विसरू नये.

रंग कापण्याच्या रेषेवर थांबवू नये. तो रेषेबाहेर दीड-दोन मिलिमीटर जाऊ द्यावा आणि जोडपट्टीवरही तेवढाच उतरवावा. कात्री रेषेच्या थोडी बाहेरून गेली किंवा जोड किंचित उघडा राहिला, तर पांढरी फट न दिसता तोच रंग दिसतो. जोडपट्टीचा उरलेला भाग फिकट राखाडी ठेवावा. याला कारण आहे. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला मी पहिला नमुना दिला तेव्हा पट्ट्या कोऱ्या पांढऱ्या होत्या. तिने पंधरा मिनिटे जीभ बाहेर काढून, एकाग्रतेने रंगीत भाग कापला आणि साऱ्या जोडपट्ट्या कचऱ्यात टाकल्या, कारण तिच्या दृष्टीने त्या चित्राबाहेरच्या होत्या. चूक तिची नव्हती. आता माझ्या प्रत्येक पट्टीवर राखाडी छटा असते, आकडा असतो, आणि ती जिथे चिकटते त्या कडेशी, पृष्ठाबाहेर, तोच आकडा पुन्हा असतो.

गडद सलग रंग जपून वापरावेत. लेझर छपाईतली शाई कागदाच्या वर थरासारखी बसते आणि घडीवर तडकून पांढरी रेघ दाखवते. इंकजेटची शाई कागदात मुरते, पण ओल्या बोटाने पसरते. वासुदेवाचा पांढरा अंगरखा या दृष्टीने सोयीचा आहे. तडकलेल्या कडेवर त्याच रंगाच्या स्केचपेनचे टोक हलकेच फिरवले की ती झाकली जाते.

पानावरची मांडणी

ए-फोर पान २१० गुणिले २९७ मिमीचे असते आणि बहुतेक प्रिंटर कडेची थोडी पट्टी कोरी सोडतात. आपले मित्र आणि नातेवाईक अमेरिकेत असतील तर त्यांच्या घरातला लेटर कागद २१६ गुणिले २७९ मिमीचा, म्हणजे रुंदीला थोडा जास्त आणि उंचीला बराच कमी असतो. दोन्हीकडे चालावे म्हणून सारी रचना १९० गुणिले २५५ मिमीच्या चौकटीत बसवावी. आपला वासुदेव तीत बसतो: डोक्याची घडण पट्ट्यांसह १६७ गुणिले १३४ भरते, तिच्याखाली डावीकडे ११५ गुणिले १०७ चे धड येते आणि धडाच्या उजवीकडे टोपीची पाकळी आडवी राहते. क्रुसाच्या उजव्या हाताला वर जी मोकळी जागा उरते तिथे दोन्ही हात मावतात. खालच्या मोकळ्या जागेत सूचना लिहाव्यात.

त्याच जागेत नेमकी ५० मिमीची एक रेघ काढून तिच्याखाली लिहावे: ‘छापल्यावर ही रेघ ५० मिमी भरली पाहिजे.’ या एका रेघेने पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचतो.

सूचना थोड्या आणि क्रमाने असाव्यात. सगळ्या घड्यांवर खाच पाडून मगच तुकडे कापावेत, कारण पान अखंड असताना स्टीलची पट्टी स्थिर राहते. डोक्याची ओळ आधी जोडावी, मग माथा बंद करावा, आणि हनुवटीखालची बाजू मात्र उघडी ठेवावी. टोपीचा कागद पेन्सिलीवर गुंडाळून वळवून घ्यावा, शंकू जोडावा, दात्यांना डिंक लावून तो माथ्यावर आखलेल्या वर्तुळात ठेवावा आणि खालच्या उघड्या बाजूने बोट आत घालून माथा आतून वर दाबावा. डोके आधीच बंद केले असते तर हा आधार मिळाला नसता. टोपी पक्की बसली की हनुवटीखालची बाजू बंद करावी. या शेवटच्या बाजूला आतून दाब देता येत नाही, म्हणून तिच्या पट्ट्यांना डिंक लावून डोके टेबलावर दोन मिनिटे दाबून धरावे. ही बाजू धडावर बसत असल्याने तिथला थोडा ओबडधोबडपणाही झाकला जातो. तिच्यावर धड कुठे बसते ते दाखवणारा ३० गुणिले २४ चा फिकट आयत छापलेला असावा, नाहीतर मान नेहमी एका बाजूला जाते.

धड बंद करण्याआधी त्याच्या तळाला आतून तिथे मावेल असे एखादे नाणे चिकटवावे. १६० जीएसएमच्या कागदाचा अख्खा वासुदेव सुमारे ४ ग्रॅमचा भरतो आणि त्यातला बराच भार डोक्यात आणि टोपीत असतो, त्यामुळे पंखा लावला की तो आडवा होतो. नाण्याने त्याचे पाय जमिनीवर राहतात.

कोरा नमुना आणि पहिला मित्र

रंग भरण्याआधी निव्वळ रेषांचे पान साध्या ८० जीएसएमच्या कागदावर छापून एकदा जुळवावे. हा नमुना सुंदर दिसण्याची गरज नाही. जुळत नसलेल्या कडेवर पेन्सिलीने तिथेच खूण करावी, नमुना पुन्हा उलगडून पानाशी ताडून पाहावा, आणि मग रेखाटन सुधारावे. रंगवून झाल्यावर घडण बदलली की चित्रही बदलावे लागते, आणि ते काम दुप्पट होते.

रंगीत नमुना तयार झाला की तो अशा मित्राला द्यावा ज्याने पूर्वी कागदी खेळणे केलेले नाही, आणि तो जुळवत असताना आपण समोर गप्प बसावे. हे गप्प बसणे अवघड असते. त्याचा हात जिथे थांबतो, तो पान उलटसुलट करून पाहतो, पट्टी बाहेर ठेवावी की आत असा विचार करतो, ती प्रत्येक जागा लिहून घ्यावी. आपण तोंडाने सांगितलेली प्रत्येक सूचना म्हणजे पानावर राहून गेलेली सूचना असते. माझ्या एका मित्राने टोपीची पाकळी उलटी गुंडाळली होती आणि मोरपिसे आत गेली होती. त्यानंतर मी सूचनांत तयार टोपीचे बोटभर चित्र काढले, आणि ती अडचण पुन्हा कोणाला आली नाही.

छपाई

झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायचे असेल तर कार्डशीट आपण न्यावी आणि त्यांच्या यंत्रात ती चालते का ते आधी विचारावे. संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या छपाईच्या खिडकीत पान आपोआप लहान करण्याचा पर्याय बहुधा निवडलेला असतो. तो बदलून ‘ॲक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के करायला सांगावे, आणि एक प्रत काढून ५० मिमीची रेघ तिथेच मोजावी. मी एकदा न मोजता वीस प्रती घेऊन आलो. रेघ ४८ मिमी भरली. बाहुली तरीही जुळली, कारण सारेच तुकडे एका प्रमाणात लहान झाले होते. पण त्याआधी पूर्ण आकारात छापलेल्या टोप्या त्या डोक्यांवर बसल्या नाहीत.

मुद्दाम लहान बाहुली हवी असेल, उदाहरणार्थ दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवण्यासाठी, तर ७१ टक्क्यांवर छापलेला वासुदेव साधारण १० सेंटिमीटरचा होतो आणि ७ मिमीच्या पट्ट्या ५ मिमीच्या होतात, त्या अजूनही धरता येतात. ५० टक्क्यांवर मात्र पट्ट्या साडेतीन मिलिमीटरच्या उरतात. त्या आकारासाठी पट्ट्या नव्याने रुंद काढाव्यात आणि टोपीचे दाते १४ वरून ८ वर आणावेत. किल्ल्याच्या ओल्या मातीवर ठेवायचे असेल तर धडाच्या तळाला पारदर्शक चिकटपट्टी लावावी.

मित्रांना पाठवताना

पाठवण्याआधी देवनागरी मजकुराचे आकृत्यांत रूपांतर करावे. इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ या आज्ञेने ते होते. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तरी वेलांट्या आणि जोडाक्षरे मग विस्कटत नाहीत. हे करण्याआधी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी, कारण रूपांतर झालेल्या मजकुरात पुढे शुद्धलेखनाची चूकही सुधारता येत नाही. मग पीडीएफ करावी आणि ती व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. पानाचा फोटो पाठवला तर तो आकुंचित होतो, बारीक खुणा पुसट होतात आणि मापही राहत नाही.

पीडीएफमध्ये दोन पाने असावीत: एक रंगीत आणि एक निव्वळ रेषांचे. दुसरे पान काळ्या-पांढऱ्या छपाईत स्वस्तात मिळते आणि मुले ते स्वतः रंगवतात. मला स्वतःला ही रंगवलेली पानेच अधिक आवडतात. भाचीच्या वासुदेवाचा अंगरखा जांभळा आहे आणि त्याच्या टोपीत एक पीस लाल आहे.

मूळ फाइलमध्ये रंग, रेषा आणि सूचना तीन वेगळ्या थरांवर (लेअरवर) ठेवाव्यात. मग पुढचे पात्र करायला घडण पुन्हा आखावी लागत नाही: रंगाचा थर बदलून आणि टोपीच्या जागी दुसरा तुकडा देऊन त्याच पेटीतून वारकरी किंवा मावळा निघतो. पानाच्या कोपऱ्यात आपले नाव, ही रचना इतरांनी वाटावी पण विकू नये असे वाटत असेल तर तसे स्पष्ट वाक्य, आणि आवृत्तीचा आकडा लिहावा. आवृत्तीचा आकडा फाइलच्या नावातही असावा, ‘वासुदेव-२’ असा, म्हणजे मित्र जेव्हा कळवतो की पाचवी पट्टी आखूड पडते, तेव्हा तो कोणत्या पानाबद्दल बोलतो आहे हे लगेच कळते, आणि सुधारलेले ‘वासुदेव-३’ त्याच संध्याकाळी सगळ्यांना पाठवता येते.